सत्काराचे सोललेले वाल

सत्कार करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ज्यांनी एखादा सत्कार आतून पाहिलाय त्यांना हे पटेल, बाकीच्यांनी मला कृतघ्न म्हणावं. ज्याचा सत्कार असतो त्याला सोडून सगळ्यांची सोय त्यात पाहिलेली असते. शाल कुठल्या रंगाची यावर बैठका होतात, आणि त्या माणसाने आयुष्यभर नेमकं केलं काय, हे विचारायला कोणाला सवड नसते.

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाने बाईंचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा मंडळाचे चिटणीस मला फोनवर म्हणाले, "बेन, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी ना? मग चार ओळी लिहून पाठवा. त्यांनी पचनावर शोध लावला, असं काहीतरी. जास्त डीप नको, लोक कंटाळतात."

मी म्हटलं, "पचनावर नाही, एन्झाइमवर."

"एकच ना ते?"

एकच नाही. पण हे फोनवर कोणाला आणि किती वेळा सांगायचं?

बाई म्हणजे माझ्या गुरू. त्यांच्या हाताखाली मी जीवरसायनशास्त्र शिकले, पुढे तेच शिकवून निवृत्त झाले, आणि अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकून बसायचं मला धाडस होत नाही. बाईंनी आयुष्य घालवलं ते कडव्या वालांवर. वाल खाल्ले की पोट का फुगतं हे त्यांच्या आधीही माहीत होतं. वालात काही साखरा अशा असतात, की त्या तोडायला लागणारं एन्झाइम आपल्या आतड्यात नसतं. मग खालचे जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि आपण चारचौघांत अवघडून बसतो. पण खुद्द वालाला ती साखर तोडता येते. दाणा भिजला, मोड फुटायला लागला, की तो हे एन्झाइम कामाला लावतो आणि साठवलेली साखर फोडून कोंबाला भरवतो. बाईंनी ते एन्झाइम वालातून वेगळं काढलं आणि दाखवून दिलं, की ते एक नसून दोन आहेत. एक कोरड्या दाण्यात आधीपासून वाट पाहत बसलेलं, आणि दुसरं पाणी मिळाल्यावर नव्याने तयार होणारं.

परदेशातल्या जाणत्यांनी सांगितलं, की दुसरं वगैरे काही नाही, हाताळताना तुमच्याकडून एकाचेच तुकडे झाले असतील. बाई भांडल्या नाहीत. त्या शीतखोलीत शिरून पुन्हा पुन्हा तेच करत राहिल्या. बाहेर बडोद्याचा मे महिना, आणि आत बाई स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून काचेच्या नळीतून थेंब थेंब गोळा करतायत, कारण एन्झाइमला ऊब सोसत नाही. पुढे इतरांना इतर बियांमध्ये तसंच सापडायला लागलं आणि ते जाणते गप्प झाले. माफी कोणी मागितली नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, मला अजून वाटतं.

हे मी जमेल तितकं थोडक्यात लिहून पाठवलं. पत्रिकेवर छापून आलं, 'पचनशास्त्राच्या थोर उपासक'. मी कपाळाला हात लावला.

बाई सत्काराला नाहीच म्हणणार, अशी माझी खात्री होती. त्या हो म्हणाल्या, आणि त्याचं कारण होतं ताई.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. वडील संस्थानच्या नोकरीत होते. आई लवकर गेली, तेव्हा ताईंची शाळा सुटली आणि घर त्यांच्या गळ्यात आलं. धाकटीची शाळा मात्र सुटली नाही. ती कॉलेजात गेली, मग प्रयोगशाळेत गेली आणि तिथेच रमली. लग्न दोघींनीही केलं नाही. आजही दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहतात. ताई स्वयंपाक करतात, बाई भांडी पुसतात, आणि मीठ जास्त पडलं की कमी यावर रोज दोघींचं वाजतं. पण इतक्या वर्षांत ताईंनी बाईंची प्रयोगशाळा एकदाही पाहिली नव्हती. बाई बोलवायच्या. ताई म्हणायच्या, "नको गं, इकडे दूध उतू जाईल." बाईंना परदेशात व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा ताईंनी एवढंच विचारलं, की तिकडे थंडी किती असते. घरी आलेल्या कोणी बाईंच्या कामाचा विषय काढला, की ताई उठून चहा टाकायला जायच्या. आम्ही विद्यार्थी आपसात म्हणायचो, ताईंना या सगळ्याचा तिटकारा आहे. माझी तर ताईंवर त्यासाठी खास अढी होती.

"भाषण नको, शाल नको," बाई मला म्हणाल्या. "मी तिथे प्रयोग करून दाखवणार. ताई पहिल्या रांगेत असेल. समारंभातून उठून चहा टाकायला जाता येत नाही. तिला एकदा तो पिवळा रंग दिसू दे, बस."

तो पिवळा रंग म्हणजे काय ते सांगते. एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही, त्याचं काम दिसतं. म्हणून त्याला खरी साखर न देता, साखरेला जोडलेला एक पदार्थ देतात. हा जोड रंगहीन असतो. एन्झाइमने तो तोडला, की सुटा झालेला भाग शेवटी सोड्याच्या पाण्यात पिवळाधमक दिसतो. एन्झाइम जितकं जोमदार, तितका रंग गडद. आणि शेजारी नेहमी एक दुसरी नळी ठेवायची, उकळून मारलेल्या एन्झाइमची. ती पांढरीच राहायला हवी. ही उकळलेली नळी ठेवायला कोणी विसरलं, तर बाई त्याचं सगळं काम ओतून द्यायला लावायच्या.

वाल आणायला मी खंडेराव मार्केटच्या बाजूला गेले. दुकानदाराने 'रंगून' जातीचे वाल पुढे केले, पांढरे, टपोरे. "आ लई जाव ने, बेन, बधा आ ज लई जाय छे." सगळे हेच नेत असतील, मी म्हटलं, मला कडवेच हवेत, बारके. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि आतून पोतं काढलं. थोडे मी माझ्या घरी भिजवले, मोड आणले, बसून गार पाण्यात नखाने एकेक सोलले आणि प्रयोग करून पाहिला. झेंडूसारखा पिवळा रंग आला. बाई खूश झाल्या.

समारंभासाठी वालांना मोड आणायचं काम मात्र ताईंनी स्वतः मागून घेतलं. "मोड मीच आणणार," त्या म्हणाल्या. "हिच्या हातचे मोड म्हणजे निम्मे कुजके." बाईंनी तेव्हा चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. त्यांच्या कामाला ताईंनी हात लावण्याची ही पहिलीच वेळ होती.

कार्यक्रमाच्या सकाळी मी वाल घ्यायला त्यांच्या घरी गेले. बाईंना चिटणीस आधीच घेऊन गेले होते, कारण व्हिडिओवाल्याला त्यांचे हात जोडलेले फोटो हवे होते. ताईंनी माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. आत सोललेले वाल, एकही फुटलेला नाही, एकही साल चिकटलेली नाही. इतके सुरेख सोललेले वाल मी जन्मात पाहिले नव्हते. पहाटे उठून ताईंनी ते केलं होतं. मी काही विचारणार, तेवढ्यात चिटणीसांचा फोन आला. प्रमुख पाहुण्यांना उशीर होतोय, तर प्रयोग शेवटी घेऊ का, आणि त्या टेबलावर समई ठेवली तर चालेल ना?

"बर्फाशेजारी समई?" मी म्हटलं.

"शोभेल ना, बेन."

फोनवर भांडतच मी डबा बर्फाच्या पेटीत ठेवला आणि ताईंना घेऊन रिक्षात बसले. ताईंनी इस्त्रीची साडी नेसली होती.

हॉलवर पोचल्या पोचल्या मी मागच्या खोलीत घाईघाईने, नीट न बघताच, वाल गार खलात वाटले, फडक्यातून गाळले, आणि तो गढूळ रस दोन भागांत केला. एक भाग बर्फावर, दुसरा उकळून. उरलेले वाल डब्यातच राहिले. मग आम्ही बसलो ते बसलोच. प्रमुख पाहुणे मकरपुऱ्यात पाचक गोळ्यांचा कारखाना चालवणारे गृहस्थ होते. ते आले तेव्हा माझ्या पेटीतल्या निम्म्या बर्फाचं पाणी झालं होतं. मग दीपप्रज्वलन, मग ईशस्तवन, मग दीप लावणाऱ्यांचा परिचय. पाहुण्यांनी सांगितलं, की एन्झाइम वगैरे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, फक्त त्यांनी पेपर छापले नाहीत. टाळ्या झाल्या. निवेदिका बाईंना 'वालांची जादूगार' म्हणाली. मी दात आवळून बर्फ बदलत होते. नको म्हटलेली शाल बाईंच्या खांद्यावर चढली होती. त्या मात्र शांत होत्या. त्या फक्त पहिल्या रांगेकडे पाहत होत्या, जिथे ताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

अखेर प्रयोग आला. बाईंचे हात आता थरथरतात, पण पिपेट हातात आली की थरथरत नाहीत. त्यांनी दोन्ही नळ्यांत रंगहीन द्रव घातला, एकीत बर्फावरचा रस, दुसरीत उकळलेला, आणि थांबल्या. थांबायला लागतं, हे निवेदिकेला कोणी सांगितलं नव्हतं. तिने मधल्या वेळात प्रेक्षकांकडून वालाच्या पाककृती मागवल्या. मग बाईंनी सोड्याचं पाणी घातलं आणि दोन्ही नळ्या उचलून दिव्यासमोर धरल्या.

दोन्ही सारख्याच. फिकट, पांढुरक्या. पिवळ्याचा मागमूस नाही.

बर्फ वितळून एन्झाइम थोडं मंदावेल, पण अगदी शून्य? आणि तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "बघा, किती स्वच्छ, नितळ रंग," आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. न घडलेल्या प्रयोगाला एवढी दाद मी आजवर पाहिली नव्हती. माझं डोकं असं फिरलं की समई उचलून फेकावीशी वाटली.

बाईंनी मला खुणेने डबा मागितला. उरलेल्यातला एक वाल घेतला, दोन बोटांत दाबला, नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. तो मऊ होता. त्याला शिजलेल्या बिरड्याचा वास येत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे मोड आलेले वाल सोलायचे म्हणजे कोमट पाण्यात टाकतात, की सालं सुटतात. घरोघर असंच करतात. आणि बहिणीच्या मोठ्या दिवसासाठी एकही साल राहू नये, म्हणून ताईंनी वालांवर चांगलं उकळतं पाणी ओतलं होतं. एन्झाइम बर्फ वितळून नाही, ताईंच्या स्वयंपाकघरातच पहाटे मेलं होतं. बाईंच्या हातात दोन उकळलेल्या नळ्या होत्या.

मी बाईंकडे पाहिलं. ही बाई कधी कोणाची चूक झाकत नसे. एकदा खुद्द विभागप्रमुखांच्या आकड्यातली चूक त्यांनी भर सभेत दाखवली होती. आता माईक त्यांच्या हातात होता आणि ताई समोर बसल्या होत्या.

"टाळ्या थांबवा," बाई म्हणाल्या. "प्रयोग फसला आहे. रंग पिवळा यायला हवा होता. चूक माझी आहे. मी द्रव बनवताना चुकले."

द्रव मी बनवला होता आणि तो अगदी बरोबर होता. पण मी मूग गिळून बसले. पाहुणे म्हणाले, "किती हा नम्रपणा," आणि पुन्हा टाळ्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटोखाली लिहिलेलं होतं, 'यशस्वी प्रात्यक्षिक'.

मी फार चिडले होते, आणि सगळ्यांवर. चिटणीसांवर, समईवर, त्या गोळ्यांवर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त ताईंवर. आयुष्यभर लक्ष दिलं नाही, आणि दिलं ते नेमकं अशा दिवशी. परत येताना रिक्षात ताईंनी बाईंना विचारलं, "मग पिवळं का नाही झालं?" बाई म्हणाल्या, "होतं असं कधी कधी." असं कधी कधी होत नाही. मी बाहेर फ्लायओव्हरकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. सामान घेऊन घरी ये, ओट्यावर करू. मी उरलेला द्रव आणि नळ्या घेऊन गेले, थोड्या कुरकुरतच. वाल पातेल्यात मोड येऊन तयार होते. ताई सवयीने गॅसवर पाणी ठेवायला निघाल्या, तशा बाई म्हणाल्या, "आज गार पाण्यात सोलूया."

"गार पाण्यात सालं निघत नाहीत."

"निघतात. नखं दुखतात."

आम्ही तिघी टेबलापाशी बसून सोलत राहिलो. ताई निम्म्याच वेगाने सोलत होत्या आणि दर दाण्याला नाक मुरडत होत्या. मग बाईंनी वाटलं, गाळलं, अर्धा रस बर्फाच्या वाटीत ठेवला आणि अर्धा गॅसवर उकळला. हे करताना त्या बोलत होत्या. मला शिकवायच्या तसं नाही, साधं. या रसात एक काम करणारं आहे. ते दाण्यातली साखर फोडून कोंबाला खायला घालतं. गार असेपर्यंत ते जिवंत राहतं. उकळलं की मरतं, आणि मेलं की परत येत नाही. ताई ऐकत होत्या. उठून चहा टाकायला गेल्या नाहीत.

सोड्याचं पाणी पडलं आणि एक नळी पिवळी झाली, गच्च पिवळी. दुसरी पांढरी राहिली. बाईंनी दोन्ही ताईंच्या हातात दिल्या.

ताईंनी त्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. पुष्कळ वेळ पाहिल्या. मला वाटलं आता म्हणतील, एवढंच होय. मी रागवायला तयारच बसले होते.

"हे तर मला कळतंय," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. "मला वाटायचं मला काही कळायचं नाही. तुझ्याकडे ते सगळे शिकलेले यायचे, त्यांच्यात बसून मी काय करू? म्हणून मी उठायची."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मीही. एका छताखाली राहून, रोज मिठावरून भांडून, ही एवढी गोष्ट दोघींनी एकमेकींना सांगितली नव्हती. आणि आम्ही शहाण्यांनी तिचा अर्थ तिटकारा असा लावला होता. माझा राग आता कोणावर काढावा, मला कळेना.

ताई अजून नळ्याच पाहत होत्या. पांढरी नळी त्यांनी बोटाने हलवली.

"म्हणजे त्या दिवशी दोन्हींतलं मेलेलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उकळतं पाणी ओतलं होतं."

बाईंनी नाही म्हटलं नाही.

"आणि तू सगळ्यांसमोर सांगितलंस तुझी चूक म्हणून."

"तुला वाईट वाटलं असतं, ताई."

ताईंनी दोन्ही नळ्या ओट्यावर ठेवल्या, नीट, एकीशेजारी एक. आणि पहिल्यांदाच मी त्यांना बाईंवर खरोखर चिडलेलं पाहिलं, मिठावरून चिडतात तसं नाही.

"वाटलं असतं तर वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "सांगायचं होतंस की माझ्या बहिणीने केलं. तुझ्या एवढ्या कामात एकदा तरी मी आले असते."